ओल्या चुन्यातला आवाज

टाउन हॉलच्या भिंतीला, चुन्यात मुरलेले जुने आवाज ऐकवणारं यंत्र टेकवून रुक्साना म्हणाली, "सर, उद्घाटनाचं भाषण यात मिळणार नाही. चुना ओला असतो तोवरच ऐकतो. एकदा वाळला, की बहिरा."

अध्यक्ष लोखंडेसरांचा चेहरा पडला. शंभर वर्षांपूर्वीचं ते भाषण ऐकवायला त्यांनी अख्खं गाव जमवलं होतं.

"मग आहे तरी काय त्यात?"

रुक्सानाने बटण दाबलं. आधी जमीन चोपणाऱ्या थाप्यांचा ताल आला, मग कामावरच्या दहाबारा बायकांचं गाणं. गाता गाता मध्येच एकीने हाक मारली, "अगं चंदे, चुन्यात हात घालू नको! पोळशील!"

शेवटच्या रांगेतून शंभरी ओलांडलेल्या चंद्राबाई काठी टेकत उठल्या. हॉल बांधून झाला त्याच वर्षी त्यांची आई गेली होती. तिचा फोटो नव्हता, आवाजही आठवत नव्हता.

त्या भिंतीपाशी आल्या. वाकडी झालेली, पोळल्याच्या डागांची बोटं त्यांनी पटकन पाठीमागे लपवली.

"न्हाई घातला, आये," त्या म्हणाल्या.