खिळे बाहेर

दफनाहून परतलेली माणसं बोर्गहिल्डच्या दाराशी आली आणि सवयीने वाकली.

सकाळचा पाऊस पडता पडताच गोठला होता, त्यामुळे चर्चपासून इथवर सगळे घसरू नये म्हणून बुटांवर रबरी पट्ट्या ओढून, पट्ट्यांखालच्या खिळ्यांवर टकटक करत आले होते. दुसऱ्यांच्या घरी हे खिळे आत येऊन पायपुसण्यावर काढले तरी चालायचे. बोर्गहिल्डकडे नाही. तिच्याकडे खिळे बाहेर, म्हणजे बाहेरच. पायरीवर, कठड्याला धरून, एका पायावर उभं राहून काढायचे. आतली लाकडी जमीन ती लग्न झाल्यापासून दर शनिवारी हिरव्या साबणाने घासत आली होती. फळ्या अगदी दुधासारख्या झाल्या होत्या. तिचा नवरा हाल्वार सगळ्यांना सांगायचा, आमच्याकडे राजा आला तरी मोज्यांवर येईल.

आज त्या हाल्वारलाच पुरून आले होते सगळे.

त्याची नात सिल्ये केकचं ताट घेऊन दारातच उभी होती. शेजारच्या खुंटीवर आजोबांचे खिळे टांगलेले होते. जोडी नव्हे, एकच पट्टा. दुसरा, आजोबा पायरीवर पडून गेले तेव्हा, बुटावरच होता. एक काढून झाला होता आणि दुसऱ्यासाठी त्यांनी पाय उचलला होता. तेवढंच.

रांगेत सगळ्यात पुढे ओड्वार होता, हाल्वारचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणायचं, पण तोही काही कोवळा नव्हता. त्याने कठडा धरला आणि पाय उचलला.

"पाय खाली ठेव," बोर्गहिल्ड म्हणाली.

"काढतोच आहे की, वहिनी. जरा दम धरा."

"काढू नकोस. तसाच आत ये."

मागची कुजबुज थांबली. मग कुणीतरी हळूच म्हणालं की बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. सिल्येची आई पुढे झाली. आई, असं काय करतेस, मी पायरीवर चुलीतली राख टाकते, मग काढतील सगळे नीट, जमीन कशाला खराब करायची, असं ती हळू आवाजात समजावत राहिली. बोर्गहिल्डने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती दार धरून उभी होती आणि ओड्वारच्या हवेतल्या पायाकडे बघत होती.

ओड्वारने हसून बघितलं. "वहिनी, खिळ्यांसकट आत आलो तर हाल्वार थडग्यातून उठून येईल मला मारायला."

"उठू दे," ती म्हणाली.

ओड्वारचं हसू गेलं. त्याने पाय खाली ठेवला आणि तो आत आला. टक. टक. मग त्याच्यामागून सगळेच आले. कॉफी झाली, केक झाला. पण चालताना प्रत्येक जण असा जपून पाय टाकत होता, जणू कुणाच्या तरी अंगावरूनच चालतोय.

तिन्हीसांजेला पाहुणे गेले. सिल्येच्या आईने बादली आणि हिरवा साबण आणला. राहू दे, बोर्गहिल्ड म्हणाली. दारापासून टेबलापर्यंत, टेबलापासून खिडकीपर्यंत जमिनीवर बारीक बारीक भोकं पडली होती. फक्त शेकोटीजवळच्या हाल्वारच्या खुर्चीभोवती फळ्या कोऱ्या होत्या. तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

बोर्गहिल्डने खुंटीवरचा तो एकटा खिळ्यांचा पट्टा काढला आणि बाकावर बसून तो आपल्या बुटावर चढवायला लागली. पट्टा मोठा होता, सारखा निसटत होता. शेवटी सिल्ये गुडघ्यांवर बसली आणि तिने तो ओढून बसवला.

मग आजी उठली आणि दारापासून खुर्चीकडे निघाली. एक पाऊल वाजायचं. दुसरं वाजायचं नाही.