देवावरचा दगड

खिंडीत पोचला तेव्हा नागू चांगला दीडशे पावलं पुढे होता.

पाठीवर टपालाची थैली होती आणि तिच्यात पाच शेर वाळू. मागून येणाऱ्या शुक्राच्या थैलीतही तेवढीच. कर्जताहून दोघे एकदमच सुटले होते. कळंबला शाळेच्या पायरीवर तात्या मास्तर घड्याळ घेऊन बसले होते. गावचं टपालही तेच बघायचे. जो आधी पोचेल, त्याला टपाल घेऊन धावायची नोकरी मिळणार. शुक्रा इथल्याच ठाकूरवाडीचा. हरला तरी परत जायला त्याला घर होतं. नागू साथीच्या साली घाट उतरून आलेला. तीन वर्षं तो दुसऱ्याच्या गोठ्याला टेकून झोपडं घालून राहिला होता, आणि गोठेवाल्याने पावसाआधी जागा सोड म्हणून बजावलं होतं. टपालवाल्याला शाळेमागची खोली मिळायची. नागूची पोटुशी बायको हिरू तिथे चूल कुठे मांडायची तेसुद्धा बघून आली होती.

घाई कितीही असो, देवाला चुकवून पुढे जाणाऱ्यातला नागू नव्हता. वाटेतला एक दगड उचलून त्याने खिंडीतल्या देवावर ठेवला, हात जोडले आणि उताराला लागला.

खालच्या वळणावर पोचतो तोच मागून हाक आली.

"नागू, माघारी ये."

त्याने वळून पाहिलं. शुक्रा देवापाशी उभा होता. धावत नव्हता.

"तुजा दगड काढ. आमी देवावर दगड नाय ठेवत. पाला ठेवतो."

"आमच्याकडं दगुडच ठेवत्यात," नागू ओरडला. "तूच काढ की."

"ज्यानं ठेवला त्यानंच काढायचा. देवाच्या अंगावर वजन हाय तवर मला खिंड वलांडता येत नाय."

नागूच्या मनात नाही नाही ते आलं. हा डाव असणार. आपण चढ चढून दमायचं आणि याने ताजातवाना होऊन सुटायचं. वर वाडीत हसायला विषय. आणि डाव नसला तर मग आणखीच सोपं होतं. नुसतं पळत राहायचं. शुक्रा तिथेच उभा राहणार, खोली हिरूची. त्याचे पाय उताराला चार पावलं गेलेसुद्धा.

मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. ज्याला हात जोडले त्याच देवाच्या आडून जिंकायचं, हे काही त्याला जमेना. शिव्या घालत तो परत चढला.

त्याने दगड उचलून वाटेच्या कडेला ठेवला. शुक्राने जांभळीची डहाळी मोडली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली.

"ठेव."

दोघांनी पाला ठेवला. आता दोघे शेजारी शेजारी उभे होते. नागूची छाती भात्यासारखी हलत होती, शुक्राचा श्वास केव्हाच शांत झाला होता. इथून सुटलं तर कळंबला आधी कोण पोचणार हे दोघांनाही कळत होतं. नागूने थैलीचा पट्टा आवळला. हिरूला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

"कुठवर गेल्तास रं?" शुक्राने विचारलं.

नागूने खालच्या वळणाकडे बोट केलं.

"मग जा तिथवर. दम खा. आनी हात कर. तवर मी हितून हालत नाय."

नागू त्याच्याकडे बघतच राहिला. मग थैली सावरून तो उताराला लागला.

वळणावर जाऊन तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. वर पाहिलं, तर शुक्रा तसाच उभा होता, एक पाय पुढे टाकून, नजर नागूच्या हाताकडे लावून.

नागूने हात वर केला, आणि दोघे धावत सुटले.