नदीचं पत्र, जसंच्या तसं

"बाई, तुमचं ईमेलवरचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. नदी स्वच्छ झाली म्हणायची!" मासळीवाली चांगुणाबाई बाजारात म्हणाली.

वाचकांना ईमेलने नदीबद्दलचं पत्र पाठवणारी मृदुला खानविलकर चरकली. तिने तर नदीत सोडलेल्या विषाबद्दल लिहिलं होतं. पण हल्ली प्रत्येकाचा फोन, आलेलं पत्र आपल्या मालकाला रुचेल असं बदलूनच दाखवायचा. म्हणूनच तिचे वाचक लाखावर गेले होते!

घरी येताच तिने सगळी वाचकयादी पुसून टाकली.

"लाख वाचक घालवलेस?" नवरा ओरडला.

"माझं पत्र वाचणारा त्यात एकही नव्हता."

पुढच्या बाजारी मासळीच्या ओट्यांसमोर उभी राहून ती पत्र मोठ्याने वाचू लागली. चांगुणाबाईने विकायला मांडलेले नदीतले मासे ओट्यावरून काढून घेतले आणि ती म्हणाली, "पुन्हा वाचा. आता पार त्या टोकापर्यंत ऐकू जाऊ दे."