कोरी ओळ

पेडणेकरबाईंचं पत्र येऊन तीन वर्षं झाली, तरी टिपणीसांनी उत्तर दिलं नव्हतं. मृतांच्या आठवणी साठवून त्यांना घरातल्या यंत्रातून बोलतं करणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. “आमचे हे माझ्या चहाला नावं ठेवल्याशिवाय कप खाली ठेवत नसत,” बाईंनी लिहिलं होतं. “यंत्रातला माणूस सगळ्यालाच छान म्हणतो. कुणाला आणून बसवलंत माझ्या घरात?”

“दुःखात होतात असे भास,” टिपणीस म्हणाले.

“मग ते पत्र उशाशी का ठेवता?” बायकोने विचारलं.

शेवटी त्यांनी जुना प्रोग्रॅम उघडला. एका फाइलमधली नावं आणि दुसरीतल्या आठवणी दोन अ‍ॅरेंत, म्हणजे क्रमवार याद्यांत, भरून तो क्रमांकाने जोड्या लावायचा. पेडणेकरांच्या आधीचं नाव तीनच दिवस जगलेल्या बाळाचं होतं. त्याच्या आठवणींची ओळ कोरी म्हणून प्रोग्रॅमने गाळली होती, आणि पुढच्या सगळ्यांच्या आठवणी एकेक जागा वर सरकल्या होत्या. म्हणजे पेडणेकर इतकी वर्षं त्या बाळाच्या घरी बोलत होते. त्या आईवडिलांनी कधीच तक्रार केली नव्हती.

“बाई, तुमचा संशय खरा आहे,” टिपणीसांनी लिहिलं. “त्या घराचा पत्ता खाली देतो. पण तिथे ते कुणाचं तरी मूल आहेत. एकदम मागू नका.”

धीर सुटायच्या आत त्यांनी पत्र टपालात टाकलं.