पाच आकडे, उलट्या क्रमाने

गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या सरांनी स्मरणशक्तीवरच्या एका संशोधनासाठी हौसेने नाव दिलं होतं. डोक्याला वायरी लावून मेंदूला अगदी सौम्य वीज देणार आणि आपण ऐकलेले पाच आकडे उलट्या क्रमाने म्हणायचे, एवढंच काम. पहिल्या दिवशी त्यांनी ते चुटकीसरशी केलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिसऱ्या आकड्यालाच गाडी अडायला लागली. कान तापले, कपाळाला घाम फुटला.

"काल झोप नीट झाली नाही," ते उगाच खोटं बोलले.

"घाई नाही सर, पुन्हा सांगते," समोरची तंत्रज्ञ दर वेळी तितक्याच शांतपणे म्हणत राहिली.

वायरी काढताना ती हसली. "आज लक्षात राहू नये अशीच वीज सोडली होती. तुमचा काही दोष नाही."

सरांच्या जिवात जीव आला. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, पण असा धीर मला कधी जमला नाही. तुम्ही कुठे शिकलात हो?"

ती वायरी गुंडाळू लागली.

 

"तुमच्याच वर्गाबाहेर, सर. पाढा चुकला की तुम्ही मला बाहेर काढायचात, आणि तिथे शिपाईकाका तो जमेपर्यंत माझ्याकडून म्हणून घ्यायचे."