बैलाखालची जागा

दादामियाँनं लिंबाखाली भाता बसवला, कोळसे पेटवले आणि हाळी दिली, "कल्हईऽऽ!"

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून तो लासूर स्टेशनाहून पहिल्यांदाच या गावात आला होता. दुपार झाली तरी एकही भांडं आलं नाही.

"कल्हई कशाला करायची?" समोरच्या घरातून साळूबाई म्हणाली. "भांडी रझाकारांनी नेली."

गावात ज्याला विचारावं तो हेच सांगायचा. घरोघरी मातीच्या गाडग्यांत शिजत होतं.

दादामियाँनं तिच्याकडं पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आमचीबी भांडी जमिनीतच व्हती, बाई. पोलीस ॲक्शनच्या टायमाला पुरली. भ्या काय जाईना, परवा काढली."

साळूबाईनं पदर खोचला. मग शेजारी कारभारीच्या दारात गेली. दीड वर्षात ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. धामधुमीत ती येवल्याला भावाकडं पळाली, तेवढ्यात त्यानं तिच्या अंगणात आपला बैल बांधला होता. ती परत आल्यावरही त्यानं तो हलवला नव्हता.

"बैल सोडा. मला तिथं खणायचंय."

कारभारीनं बैल सोडला, खुंटा उपटला. घरातून कुदळ आणली आणि काही न विचारता नेमक्या जागी घाव घातला.

"तुमाला कसं ठाऊक?"

"तुमी गेल्या त्या दिवशी माती ताजी दिसत व्हती, वैनी. रझाकार गल्लीतून फिरत व्हते. म्हणून वर बैल बांधला."

"मंग मी आल्यावर सांगायचं नाय?"

"जागा म्यां पाहिलीय म्हटलं असतं, तर तुमाला झोप लागली असती का?"

साळूबाई खड्ड्यात उतरून दोन्ही हातांनी माती उपसू लागली. हंडा निघाला, परात निघाली, दोन पातेली निघाली. सगळी हिरवी पडलेली. दोघांनी ती भर रस्त्यानं लिंबाखाली नेली. दारं किलकिली झाली.

पहिल्या पातेल्यात कथील फिरलं आणि आतून ते पांढरंशुभ्र झालं. तेवढ्यात गल्लीत कुठंतरी कुदळीचा आवाज आला. मग पलीकडच्या घरातून. मग मागच्या आळीतून.

दादामियाँनं कान देऊन ऐकलं.

"एका दिवसाचं काम नाय हे. मुक्काम पडंल."

"पडू द्या की," साळूबाई म्हणाली. "भाकर माझ्याकडं. कालवण कारभारी भाऊजींकडं."