बाईंचा सूर

“आई, जेवलीस?”

“जेवले की. भात, आमटी, काकडीची कोशिंबीर,” निमकर बाईंनी फोनवर लेकीला ठसक्यात सांगितलं. घासलेला कुकर कालपासून ओट्यावर उपडाच होता.

बाईंची सगळी नोकरी चौथीच्या वर्गावर गेली, पण ‘चूक’ हा शब्द त्यांनी कुणाला ऐकवला नाही. पोराचं उत्तर त्या फक्त परत म्हणायच्या. बरोबर असलं तर सूर ठामपणे खाली उतरायचा. चुकलं असलं तर शेवट जरासा वर उचलून त्या तिथेच थांबायच्या, आणि उभं राहिलेलं पोर आपोआप उत्तर बदलायचं. त्यांची मृदुलाही त्याच वर्गात होती. शाळेत तीही त्यांना ‘बाई’च म्हणायची.

पलीकडून मृदुला म्हणाली, “भात, आमटी, काकडीची कोशिंबीर...” शेवट तिने जरासा वर उचलला आणि ती तिथेच थांबली.

बाई चिडल्या. माझंच मला शिकवते! फोन ठेवून द्यावा असंही वाटलं. पण मृदुला वाट बघत होती, आणि यजमान गेल्यापासून त्यांच्या उत्तरासाठी कुणी इतकं थांबलं नव्हतं.

नकळत बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

“नाही जेवले,” त्या म्हणाल्या. “एकटीला जेवण जात नाही गं.”

“एकटीला जेवण जात नाही,” मृदुलाने परत म्हटलं, आणि तिचा सूर खाली उतरला.